जमीरनं बनवलेलं पाऊल मोजाचं यंत्र

जमीर पंक्चरवाल्याले डोकं नाही असं आमच्या वणीत कोणी म्हणून तर पाहा, मी भांडीन. सातवी नापास माणूस, चाळिशीत सोल्डरिंग शिकला, तेही माह्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात बसून. बोटं भाजून घेतली, वायरलेस बेलचे तीन ट्रान्समीटर जाळले.

"अबे, तुले कायले पाहिजे हे?" मी खेकसलो.

"अब्बासाठी, अवधूतभाऊ."

त्याचे वडील मोहिउद्दीन मास्तर, उर्दू शाळेतून रिटायर झालेले. आता स्मरण पार गेलतं. पोराले 'भाईसाब' म्हणत. नजर चुकली की घराबाहेर, आन् गल्ली संपली की कोळशाच्या ट्रकांचा रस्ता. दाराले कुलूप लावलं तर डोकं आपटून घेत. जमीरची बायको गुलनार मागच्या खोलीत शिलाई करे. तिनं तरी किती पाहावं?

म्हणून जमीरनं पुढच्या उंबऱ्याबाहेर पाट टाकला. दोन पत्रे, मधात भोकं पाडलेला स्पंज. पाय पडला की पत्रे टेकत, आन् घरामागच्या रस्त्यावर त्याच्या दुकानात वायरलेस बेल वाजे. बेलची तार कॅल्क्युलेटरले जोडलेली, दर पावलाले आकडा एकानं वाढे; रोज सकाळी तो शून्यावर आणे. पुढचं दार फक्त अब्बांचं, बाकीचे मागून. विषम आकडा म्हणजे अब्बा बाहेर, पळाचं. पंधरा दिवसांत चारदा बापाले धरून आणलं त्यानं. लय खुश होता लेकाचा.

मग दार धुताना पाटात पाणी शिरलं, आकडा आपोआपच पळाले लागला. "वरून प्लास्टिक टाक ना," म्या म्हटलं, आन् माह्या दुकानाच्या जुन्या फ्लेक्सचा तुकडा कापून देल्ला. जमीरनं तो चिकटवला, सोता पाय देऊन पाह्यला. झकास चाललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या दुकानात गेलो, तरी कॅल्क्युलेटरवर शून्यच.

"आज अब्बा शांत आहे, भाऊ," जमीर म्हणाला.

तेवढ्यात चौकातला चहावाला धावत आला. आम्ही पोचलो तवा मास्तरांवर चादर टाकली होती. ट्रक पुढं उभा होता.

मयतीनंतर आठवड्यानं जमीर पाट घेऊन माह्या दुकानात आला. "कुठं चुकलो सांग." म्या मीटर लावला. सेल भरलेले, सोल्डर पक्का. काही सापडेना, देवाशप्पथ.

सोबत आलेली गुलनार मान खाली घालून बोलली, "त्या दिवशी सकाळी अब्बा पाटावर पायच देईनात. लुंगी वर धरून ओलांडून गेले, तसेच परत आले. म्हणे, लिहिलेल्यावर पाय ठेवत नसतात. मी हासली. मले सुचलंच नाही."

सोताच्या पोराचं नाव विसरलेला मास्तर, पण हे विसरला नाही! आन् फ्लेक्सवर माहंच नाव, हातभर अक्षरात. मेल्यासारखं झालं मले.

जमीरनं फ्लेक्स सोलून काढला. मागची बाजू कोरी होती, पांढरी. तिच्यावरून तो हात फिरवत बसला.

"पलटून लावाचा होता, भाऊ," तो म्हणाला. "फक्त पलटून."