पाच घरांची कुंची

बारदान मऊ करायचं असेल तर आधी त्याची शिवण उसवून घ्यावी. मग ते राखेच्या पाण्यात भिजत टाकावं, दगडावर आपटावं, सावलीत वाळवावं आणि थोडं ओलसर असतानाच हाताला एरंडेल लावून चोळावं. असं चार-पाच वेळा केलं की ते अंगाला फारसं टोचत नाही. छत्रीचं कापड शिवताना सुईला मेण लावावं, नाहीतर कापड सुईपुढे पळतं. अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचा धागा, सुटा शिवू नये, आधी त्याची बारीक वेणी घालावी. हे सगळं मी एका हिवाळ्यात शिकले. शिकवणारं कोणी नव्हतं, कारण असल्या वस्तूंचे कपडे आमच्या गावात तोवर कोणी शिवलेच नव्हते.

लढाईची वर्षं होती. कापड कंट्रोलमध्ये गेलं होतं. कापूस आमच्याच शेतांत पिकत होता, गाड्या भरून जिनात जात होता, आणि घरात मात्र धड फडकं नव्हतं. घरचे पुरुष वाशीमला रांगेत उभे राहायला जात आणि बरेचदा रिकाम्या हातानं परत येत. बायका एका लुगड्यावर दिवस काढत. अर्धं नेसून अर्धं वाळवायचं. लहान पोरं करदोट्यावर हिंडत. शेलूबाजारच्या बाजारात शिंपी मशीन झाकून तंबाखू मळत बसे.

माझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. घरात सासूबाई, दोन भाऊ आणि आम्ही दोघी जावा. मोठ्या जावेला मी बाई म्हणत असे. बाईंची दोन लेकरं दात यायच्या आतच गेली होती. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते आणि पौषात बाळंतपण यायचं होतं. घरात त्याबद्दल कोणी मोठ्यानं बोलत नसे. बाई तर पोटावर हातही ठेवत नसत.

ज्या बाईची लेकरं जगत नाहीत तिच्यासाठी आमच्याकडे एक रीत होती. ज्यांची सगळी लेकरं जिवंत आहेत अशा पाच घरांतून त्या लेकरांच्या अंगावरचं जुनं कापड मागून आणायचं आणि त्या तुकड्यांची कुंची शिवायची. कुंची म्हणजे डोक्यावर टोपी आणि मागे कमरेपर्यंत झालर. आईनं स्वतः मागायला जायचं नाही, घरातल्या दुसऱ्या बाईनं जायचं. समोरच्यानं नाही म्हणायचं नाही. आणि मागणारीनं, जे दिलं ते नाकारायचं नाही. दिलं ते शिवायचं. जुन्या वर्षांत या रितीत काही अवघड नव्हतं, कोणी झबलं देई, कोणी टोपरं. त्या वर्षी पोरांच्या अंगावर कापडच नव्हतं. पण रीत म्हणजे रीत. सासूबाईंनी मला पाठवलं.

पहिल्या घरी घरधनिणीनं इकडे तिकडे पाहिलं आणि तिची पोरं ज्यावर निजत होती त्या बारदानाचा तुकडा कापून दिला. दुसऱ्या घरी म्हातारबुवांनी मोडकी छत्री काढली. "याच्याखालीच माह्ये नातू वाढले," ते म्हणाले. "घे. ऊन लागनार नाई, पानी लागनार नाई. सरकारनं अख्ख्या गावाले असंच पांघराले देलं पाह्यजे." तिसऱ्या घरून अंबाडीचा वाख मिळाला, त्यांच्या पाळण्याची दोरी त्याचीच वळलेली होती. चौथं घर बंजाऱ्यांच्या तांड्यावरचं. तिथल्या बाईनं आपल्या ओढणीच्या काठाचा, आरसे आणि कवड्या लावलेला तुकडा दिला. तिचं कापड वर्षानुवर्षं टिकत असे, म्हणून तिच्याकडे ते होतं.

पाचवं घर विहिरीजवळचं. त्या घरात दोन मुली आणि वर्षाचा एक मुलगा होता. त्यांच्या आईकडे मुलाचं एक झबलं होतं, धुवून धुवून हळदीच्या रंगावर आलेलं, लोण्यासारखं मऊ. ते तिनं मधोमध कापलं, अर्धं त्याला ठेवलं, अर्धं मला दिलं. पाच घरांत लेकराच्या अंगावरचं कापड तेवढंच.

मी ओसरीवर सामान मांडून बसले तेव्हा दीर, म्हणजे बाईंचे मालक, डोकावून म्हणाले, "बारदानाची कुंची? आत लेकरू घालाचं हाय का तूर?"

"तुमी वाशीमवरून मलमल आनली का भाऊजी?" मी विचारलं. ते निघून गेले. बाई तोंडाला पदर लावून हसल्या. त्या महिन्यांत मी त्यांना तेवढंच हसताना पाहिलं.

काम मी असं वाटून घेतलं. कवड्या बाहेरच्या बाजूला, झालरीच्या टोकाला, म्हणजे ओझं डोक्यावर येणार नाही. बारदान पाठीवर. छत्रीचं कापड माथ्यावर. अंबाडीची वेणी सगळीकडून काठाला. अस्तराला सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, आणि मधे पिंजलेल्या कापसाचा पातळ थर. दोरा विकत मिळत नव्हता, तो फाटक्या धोतरातून ओढून काढला. झबल्याचा तुकडा मी कपाळाच्या आणि गालांच्या कडेला लावला, कारण लेकराच्या कातडीला तिथंच कापड घासतं. कुंची थोडी मोठीच बेतली. ती इतकी सुरेख होईल असं मलाही वाटलं नव्हतं. काळं, मातकट, पिवळं, आणि हलवली की आरसे चमकत.

कुंची शिवून झाली आणि गावात गोवर आला. विहिरीजवळचा मुलगा त्यात गेला.

लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. अंगावर असेल त्याच्यासकट नेतात. उरलेलं अर्धं झबलं त्याच्या अंगात होतं.

सासूबाईंनी त्याच दिवशी सांगितलं, "तो तुकडा उसव अन् नदीत सोड. मेल्या लेकराचं फडकं माह्या घरात नाई पाह्यजे."

मी कात्री आणली नाही. दिलं ते शिवायचं, हीही रीतच होती. उसवायचं असं कोणी सांगून ठेवलं नव्हतं. आम्ही अशा अडलेल्या असतानाच त्या मुलाची आई दारात आली. उंबऱ्याच्या बाहेरच बसली. सुतकातली बाई, आत कशी येणार?

"मले तो तुकडा वापस पाह्यजे," ती म्हणाली. "माह्यापाशी त्याचं काईच नाई राह्यलं."

"वापस कसा मांगतं व?" सासूबाई कडाडल्या. "देल्लं ते देल्लं. तुही नजर लागून राह्यली आमच्या पोटुशीले. उठ."

ती उठली नाही. बाई आतून आल्या. त्यांना नववा लागला होता. त्यांनी माझ्या हातातली कुंची घेतली आणि तिच्या मांडीवर ठेवली. तिनं तो पिवळा काठ बोटांनी चाचपला.

"आत्ता उसवलं तं पाच घरं राहत नाईत," बाई म्हणाल्या. "माह्यं लेकरू मोठं होऊ दे. कुंची त्याले लहान झाली की हा तुकडा मी तुह्या हातात देईन. तोवर तू केवाही येजो, पाह्यजो."

"अन् मेल्याचं कापड तुले चालते?" सासूबाईंनी विचारलं.

"माह्येही दोघं तिथंच हायेत, आत्याबाई. त्याईनं कोनाचं वाईट केलं?"

सासूबाई चुलीकडे वळल्या. मला वाटतं त्या दिवसापासून बाईंना घरात थोडं अधिक वजन आलं.

पौषात मुलगी झाली. बारीक होती, पण रडणं खणखणीत. कुंची तिला एवढी ढगळ झाली की नाकापर्यंत येई. विहिरीजवळची बाई रोज येऊ लागली. आल्यावर आधी कुंचीत बोट घालून पाही, किती सैल आहे ते. "अजून लय जागा हाये," असं म्हणे आणि कामाला लागे. त्या मुलीनं वाढावं असं तिच्याइतकं कोणाला वाटत नसेल. तिनं शेळी आणून बांधली, शेळीचं दूध मुलीला पाजलं. तेल चोळावं तर तिनंच. बाईंना डिंक आणि मेथी कुठून कुठून आणून घातली. सासूबाई आधी तिला पाहून तोंड फिरवत, मग हळूहळू तिच्यासाठी पाट सरकवू लागल्या. एकदा तर त्या ती आली नाही म्हणून मलाच ओरडल्या, "पाह्य जरा, काहून नाई आली आज?"

उन्हाळ्यात कुंची खुंटीला टांगून ठेवली. मी आठवड्याला ती खाली काढून झटकत असे, अंबाडीला कसर लागते म्हणून. पाऊस सुरू झाला, वारा सुटला आणि पुन्हा ती मुलीला घातली. आता ती नीट बसत होती. मुलगी कवड्या तोंडात घेई. पुढे पुढे हनुवटीखालचे बंद ओढून बांधावे लागत. विहिरीजवळच्या बाईचं बोट आत जाईना.

"आता होऊन राह्यली लहान," ती म्हणाली. तिनं मुलीला उचलून घेतलं. लेकरू वाढलं याचा आनंद आणि तुकडा मिळणार याचा, दोन्ही एकदम.

"पोया होऊ दे," बाई म्हणाल्या. पोळ्याचा सण झाल्यावर उसवू, असं ठरलं. त्या जागी काय लावायचं याचा मी विचारही सुरू केला होता.

पोळ्याआधीच मुलीला हगवण लागली. मालेगावच्या वैद्याचं औषध आणलं. डाळिंबाची साल उगाळली, तांदळाचं पाणी पाजलं. शेवटी दूध पोटात राहीना. विहिरीजवळची बाई तेव्हा आपल्या माहेरी गेली होती, धाकट्या लेकीला घेऊन. सकाळी मुलगी गेली. पावसाची झड होती, गारठा होता, आणि गारठा म्हणून रात्री कुंची तिला घातलेलीच होती. पुरुषांनी तिला तशीच उचलली. दीर पुढे होते. कुंची काढा, असं कोणी म्हटलं नाही. बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि मला तर त्या वेळी कुंची आठवलीच नाही, फक्त मुलगी दिसत होती.

विहिरीजवळची बाई दुसऱ्या दिवशी धावत आली. निरोप वाटेतच तिला मिळाला होता. दारात थांबली नाही, सरळ आत. खुंटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"अंगावरच होती," मी म्हणाले.

ती खाली बसली. बाईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, "तुले देल्ला होता शब्द. माह्याकडून राह्यला."

ती बाईंच्या चोळीकडे पाहत होती. चोळी ओली झाली होती. दूध यायचं थांबलं नव्हतं. त्याला कोणी काय सांगणार? बाईंची छाती दगडासारखी झाली होती आणि ताप भरत होता. सासूबाईंना ते कळलं होतं, पण छाती आवळून बांधायला घरात पट्टा निघेल एवढं कापड नव्हतं. मी सकाळपासून पेटी, फळी, अंथरुणं सगळं पालथं घातलं होतं. बारदान होतं, आणि छत्रीच्या कापडाचा उरलेला एक तुकडा.

"त्याईनं नाई बांधता येत," ती मला म्हणाली. "जखम होते."

तिला माहीत होतं. तिचं स्वतःचं दूधही असंच बांधावं लागलं होतं.

तिनं आपल्या लुगड्याचा पदर दातात धरून फाडला. चांगली हातभर रुंद पट्टी, या काठापासून त्या काठापर्यंत. तिच्याकडे ते एकच लुगडं होतं. सासूबाई "अव..." एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. आम्ही दोघींनी बाईंना उठवून बसवलं, मी पट्टी मागून धरली, तिनं पुढून ओढली. बाई कण्हल्या.

"दम धर," ती म्हणाली. "लय आवळाले लागते. दोन-चार दिवसांत आटते."