सड्यावरच्या तीन हाका

वृश्चिक ही आमच्या कोकणात निवांत बघायची रास नव्हेच. ती ऐन रंगात येते तेव्हा पाऊस दाराशी असतो, आणि एकदा ढग धरले की दिवाळीपर्यंत आकाशाचं नाव काढायला नको. म्हणून ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात, अमावास्या गाठून, शाळेची तीन इंची दुर्बीण खांद्यावर टाकून मी पावस गावाजवळच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर गेलो. हायस्कुलात विज्ञान शिकवायचो आणि भुताखेतांना भिणाऱ्या पोरांची भर वर्गात टर उडवायचो. लग्नाला चारच महिने झाले होते. बायको हौसेने बरोबर आली. तिचं माहेर घाटावरचं, कातळावर सारखी ठेचकाळत होती, पण चालायची थांबली नाही.

तांबड्या ज्येष्ठा ताऱ्याशेजारचा तारकागुच्छ तिला आधी दिसेचना. मग म्हणाली, फळ्यावर खडू पुसल्यासारखं काहीतरी आहे. मला कोण आनंद झाला, कारण तो तसाच दिसतो. नंतर विंचवाच्या नांगीजवळचा मोठा गुच्छ लावून दिला. ती भिंगाला डोळा लावून बघत राहिली. डोळे दिपू नयेत म्हणून मी टॉर्चला लाल जिलेटिन कागद गुंडाळून नकाशा बघत होतो.

तेवढ्यात खालच्या आंब्याच्या कलमांच्या बागेतून हाक आली, "कोन हाय रं तिकडं?"

बागेच्या म्हाताऱ्या राखणदाराचा आवाज मी ओळखला. त्या आठवड्यात बागेत चोरी झाली होती आणि म्हातारा ठासणीची बंदूक घेऊन बसतो हेही ठाऊक होतं. बायको उत्तर द्यायला वळली, आणि मी तिचं तोंड दाबलं. अमावास्येला तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, दोनदाच हाक मारतं ते माणूस नसतं, हे आमच्याकडे पोरांना लहानपणीच सांगतात. मला सगळं कळत होतं, तरी हात निघेना. वर टॉर्चही विझवला, म्हणजे चोर असल्याची खात्रीच करून दिली.

दुसरी हाक जवळून आली. मागोमाग बंदुकीचा घोडा ओढल्याचा खट्ट आवाज. तिचा श्वास माझ्या तळहातावर आपटत होता. ती हात ओढत होती, मी सोडत नव्हतो. तिसरी हाक येईचना.

आली तेव्हा मी ओरडलो, "मी, शाळेतला मास्तर!"

म्हातारा कंदील घेऊन वर आला.

"मास्तर, बार भरलेला हाय. दोन हाकांवर वो न्हाय आली, तर मी बार काढतो," तो म्हणाला. "पन म्हटलं, मानूस नसंल तर बार फुकट जायाचा. म्हनून तिसरी मारली. वो का दिली न्हाईत?"

"ऐकूच आलं नाही," मी म्हणालो. "दुर्बिणीत गुंग होतो दोघंही."

बायकोने ओठावरचं रक्त पदराने टिपलं आणि म्हाताऱ्याला सांगितलं, "हो, मलाही नाही ऐकू आलं."

माझ्यासाठी ती पहिल्यांदा खोटं बोलली ते तेव्हा. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात मी तिला सड्यावर चल म्हटलं, तर म्हणाली, तुम्ही जा.