सोहारची हवा

बायको म्हणायची, तू कशालाच घाबरत नाहीस. तसं काही नव्हतं. मला भीतीच्या आधी राग यायचा, एवढंच. ओमानमधल्या सोहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी मराठी बातम्या लागायच्या आणि रोज एक नवीन वस्तू मुलांच्या जिवावर उठलेली असायची. कधी डब्याचं प्लास्टिक, कधी बिस्किटातलं तेल, कधी मोबाइल, कधी कुठल्याशा देशातला ताप. निवेदिका डोळे विस्फारून विचारायची, "तुमचं मूल सुरक्षित आहे का?" आणि लगेच साबणाची जाहिरात. मी टीव्हीला मोठ्याने उलट उत्तरं द्यायचो, मुलगी खिदळायची, बायकोही हसायची. आम्ही तिघंही तेव्हा निवांत होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण आता ते माझं मलाच खरं वाटत नाही.

मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. जन्म इथलाच. शुक्रवारी सकाळी आम्ही समुद्रावर जायचो, ती ओल्या वाळूत अनवाणी धावायची. मग लहर आली तर गाडी काढून किनाऱ्यावरच्या खाबुरा गावापर्यंत जायचं, बाजारातून पपया आणि लिंबं आणायची. हवा बदलली की तिला खोकला व्हायचा. क्लिनिकमधले डॉक्टर तिला लहानपणापासून बघत होते. "धूल है, ठीक हो जाएगा," म्हणायचे. आणि तो बराही व्हायचा.

मग तो व्हिडिओ आला. इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकला. कारखान्यांच्या चिमण्या, पिवळा धूर, मागे रडकं संगीत, खाली लिहिलेलं, 'सोहारच्या पालकांनो, जागे व्हा.' दोन दिवसांत कुठल्याशा बातम्यांच्या पेजने तो उचलला आणि मथळा दिला, 'गल्फमधल्या भारतीय मुलांच्या फुप्फुसांना विळखा?' शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की यांची जबाबदारी संपते. मी व्हिडिओ थांबवून बायकोला दाखवलं. रस्त्यावरच्या गाड्या डाव्या बाजूने चालल्या होत्या. ओमानमध्ये उजवीकडून चालतात. "हा सोहार तर सोड, हा देशच दुसरा आहे," मी म्हणालो. मला वाटलं, विषय संपला.

"व्हिडिओ खोटा असेल," ती म्हणाली, "पण खोकला खोटा आहे का?"

मी बंदराजवळच्या एका कारखान्यात देखभाल विभागात इंजिनिअर आहे. धूर नसतोच असं मी कधी म्हटलं नाही. पण त्यातली वाफ किती, काय मोजलं जातं, वारा कुठल्या दिशेला वाहतो, हे सगळं मी तिला कागदावर चित्र काढून समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"अरे, तुझा पगार तिथून येतो," ती म्हणाली. "तू दुसरं काय म्हणणार?"

भांडणात म्हणाली असती तर मी सोडून दिलं असतं. ती समजुतीने म्हणाली. आजारी माणसाचा हट्ट समजून घ्यावा तशी. त्या दिवसापासून मी शांत राहिलो की ते बेफिकीर दिसायचं, आणि समजावायला गेलो की कंपनीची बाजू घेतल्यासारखं.

मस्कतला छातीचे एक नावाजलेले डॉक्टर आहेत. तिथे मुलीला नेलं. मस्कतच्या वेशीवरच्या माबेलापासून ट्रॅफिक लागला आणि ती मागच्या सीटवर झोपून गेली. तपासण्या झाल्या. काही निघालं नाही. डॉक्टरांनी तिला चॉकलेट दिलं. मी खुशीत घरी आलो, तर बायकोने रिपोर्ट वाचून विचारलं, "हे आत्ताचं झालं. दहा वर्षांनंतरचं काय?" दहा वर्षांनंतरचं कोण सांगणार? या बातम्या करणाऱ्यांना हे बरोबर ठाऊक असतं. आजच्या भीतीला रिपोर्ट पुरतो, दहा वर्षांनंतरच्या भीतीला काहीच पुरत नाही.

माझ्या शिफ्टला एक ओमानी सहकारी आहे, बलुची, हिंदी आमच्यापेक्षा बरी बोलतो. त्याचं घर जवळच्याच गावात, चार मुलं. त्याला मी सगळं सांगितलं. त्याने हातमोजे चढवले. मग म्हणाला, "तुम्हारे पास पुणे है. हम किधर जाएँगे?" आणि "यल्ला," म्हणून कामाला लागला.

पुणं होतं हे खरं. गल्फमधल्या प्रत्येक मराठी माणसाचं एक बंद कुलपातलं घर तिकडे असतं, आणि त्याहून बंद कुलपात ते शहर असतं. आम्ही निघालो त्या दिवशी आमच्यापुरतं पुणं थांबलं. पहाटेचा गार वारा, टेकडीवर फिरायला जाणारी माणसं, पंखा न लावता लागलेली झोप. वर्षातून एकदा पंधरा दिवस जायचं, लग्नं आणि जेवणावळी उरकायच्या आणि तेच जुनं पुणं मनात घेऊन परतायचं. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "अहो, पोरीला पाठवा इकडे. इकडची हवा बघा." मलाही तीच हवा आठवत होती, त्यामुळे वाद घालायला माझ्याकडे काही उरलंच नाही.

शाळेचं वर्ष संपल्यावर एप्रिलमध्ये दोघी गेल्या. थोडे दिवस, खोकला थांबेपर्यंत. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की इथला व्हिसा जातो, हे बायकोला पाठ होतं. "ऑक्टोबरच्या आत येऊच," ती म्हणाली. घर इतकं गप्प होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. टीव्हीशी भांडायची माझी सवयसुद्धा गेली. ऐकायला कुणी नसेल तर भांडण्यात मजा नसते.

गणपतीला मी पुण्याला गेलो. आमच्या इमारतीच्या तिन्ही बाजूंना टॉवर उभे राहत होते. सकाळी पुसलेली गॅलरी दुपारी सिमेंटने राखाडी झालेली असायची. मुलगी खोकत होती, सोहारला खोकायची तशीच. फरक एवढाच की आता ती उठल्याबरोबर आईच्या फोनवर हवेचा आकडा बघायची. तो लाल असला की खाली खेळायला जात नसे. कुणाला सांगावं लागत नव्हतं. खालून मुलींच्या हाका यायच्या आणि ही खिडकी नीट लागली आहे ना ते तपासायची.

विसर्जनानंतर चहा पिताना बायको म्हणाली, "आम्हाला घेऊन चल. इथे वेगळं काही नाही रे. उगाच आले मी." मला इतका आनंद झाला की मी तिला एका शब्दाने टोचलं नाही. मुलीला हाक मारून सांगितलं, बॅग भर, आपण घरी जायचं.

ती जागची हलली नाही. "मी नाही येणार. तिकडे पॉयझन आहे."

हे तिच्या डोक्यात आजीकडच्या टीव्हीने भरवलं की आणखी कशाने, कोण जाणे. बायकोने तिला जवळ घेतलं, तो व्हिडिओ खोटा होता, आई चुकली, सोहारला काहीही नाही, असं सगळं सांगितलं. मुलीने ऐकून घेतलं.

"देन व्हाय डिड यू ब्रिंग मी हिअर?"

विमानाचा विषय काढला की मुलीचा श्वास अडकायचा, खरोखरचा, ओठ पांढरे पडेपर्यंत. डॉक्टर म्हणाले, आत्ता जबरदस्ती नको. ऑक्टोबर उलटून गेला. व्हिसे गेले, शाळेतली जागाही गेली. मी सोहारला एकटाच आहे. इथून पुढे काय, हे आम्ही आता एकमेकांना विचारत नाही.

गणपतीहून मी परत निघालो तेव्हा मुलीने मला सोफ्यावर बसवलं आणि आईच्या फोनवर माझे फोटो काढले. एक, दोन, मग काढतच राहिली. एका बाजूने, दुसऱ्या बाजूने, हसताना.

"एवढे कशाला गं?"

"असंच. फॉर लेटर."

मला कळायला एक क्षण लागला. मी म्हणालो, "अगं, मी ठणठणीत आहे. डिसेंबरात येतोच की." तिने माझ्या हातावर हात ठेवला, हलकेच थोपटलं आणि माझ्याकडे न बघता "हो बाबा," म्हणाली. दवाखान्यात भेटायला आलेली माणसं निघताना म्हणतात तसं.