अंगठ्याचं नख

चार महिने आमच्या घरची भांडी मी घासली. तसं बघायला गेलं तर त्याआधीची चाळीस वर्षंही मीच घासली होती, पण अन्सेल्मो निवृत्त झाला आणि ते काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं. एकतीस वर्षं शाळेचे संडास धुतलेल्या बाईला जेवण झाल्यावर कुणी म्हणावं, ‘तू बस, कॉफी पी, मी घासतो,’ तर त्यात काय सुख असतं ते माझं मला ठाऊक. गेल्या ऑक्टोबरात ते सुख गेलं. कारण काय, तर अंगठ्याचं नख.

अन्सेल्मो म्हणजे माझा नवरा, फरशीवाला. दक्षिण स्पेनातल्या हेरेस गावच्या आमच्या वस्तीतल्या निम्म्या न्हाणीघरांच्या फरश्या त्यानं बसवल्यात, आणि कुणाकडे जेवायला गेलो की हा माणूस हात धुवायच्या निमित्तानं आधी आत जाऊन सांधे बघून येतो. अडतीस वर्षं गुडघ्यांवर काढली, गुडघे गेले. हात सिमेंटनं खाल्ले. ओळखपत्राचे ठसे घेणारी पोरगी म्हणाली, “आजोबा, इथं काही उमटतच नाही हो.” हा घरी येऊन मला ते हसत सांगत होता. मला काही हसू आलं नाही.

पण हा चौदाव्या वर्षापासून थोरल्या भावाच्या साथीला गिटार वाजवायचा. क्रिस्तोबाल गायचा, हा वाजवायचा. लग्नं, बाप्तिस्मे, जत्रा, द्राक्षांची तोडणी संपल्यावरच्या मेजवान्या. दिवसा फरशी, संध्याकाळी गिटार. आमच्याकडे गायकाला साथ करणं सोपं नसतं. गाणाऱ्याचा श्वास कुठे संपणार हे त्याच्या आधी वाजवणाऱ्याला कळावं लागतं. आणि पट्टी. गिटारच्या मानेवर एक लाकडी चिमटा बसवतात; तो जितक्या पुढच्या पडद्यावर, तितकी पट्टी चढी. बाकीचे गायक खुर्चीवर टेकता टेकता सांगून टाकतात, “तिसऱ्यावर लाव रे.” या दोघांच्या घरात ती पद्धतच नाही. त्यांची आई गायची, तिनं कधी सांगितलं नाही, क्रिस्तोबालनंही नाही. वाजवणाऱ्यानं विचारायचं म्हणजे तुझा आवाज मला ठाऊक नाही असं तोंडावर म्हणायचं. क्रिस्तोबालचा पडदा पाचवा. पंचवीस वर्षं अन्सेल्मोनं न विचारता पाचव्यावर चिमटा लावला. तालीमसुद्धा नाही. तालीम बँडवाले करतात, असं दोघं म्हणायचे.

मग क्रिस्तोबालला माद्रिदहून बोलावणं आलं. रेकॉर्ड काढायची होती, आणि गिटारवाला त्यांचा त्यांच्याकडे तयार होता. क्रिस्तोबाल गेला. जाऊ दे, कुणीही गेला असता. पण धाकट्या भावाला सांगून तरी जावं की नाही? अन्सेल्मोला ते कोपऱ्यावरच्या बारमध्ये तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तो भांडला नाही. घरी आला, गिटार पेटीत घातली, पेटी कपाटावर चढवली आणि झोपला. मी म्हटलं, “अरे, दोन शिव्या तरी घाल त्याला!” तर म्हणाला, “उद्या दोन न्हाणीघरं आहेत, रेमे.” सत्तावीस वर्षांत त्या विषयावर तो एवढंच बोलला. क्रिस्तोबाल चार वर्षांनी परत आला, रेकॉर्ड कुणी घेतली नव्हती. नाताळला, मयताला, फुटबॉलला भाऊ भाऊ भेटायचे, बोलायचे. गिटारचं नाव कुणी काढायचं नाही. कपाटावरची धूळ मात्र मी पुसत राहिले.

तर ऑक्टोबरात क्रिस्तोबाल आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. बहात्तर वर्षांचा, टोपी हातात. अन्सेल्मो भांडी घासत होता.

“गाण्याच्या क्लबवाले माझा सत्कार करतायत,” क्रिस्तोबाल म्हणाला. “फेब्रुवारीत.”

“बरं झालं,” मी म्हटलं. “मेल्यावर केला असता तर जेवण चुकलं असतं तुझं.”

“मी त्यांना सांगितलंय, अन्सेल्मो वाजवणार असेल तरच गाईन.”

अन्सेल्मोनं नळ बंद केला. “मला विचारून सांगितलंस?”

“आता विचारतोय ना.”

“सत्तावीस वर्षांनी विचारतोयस!” मी म्हटलं. “काही लाज?”

क्रिस्तोबालनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “आईची सिगिरिया म्हणायची आहे. ती दुसऱ्या कुणाला वाजवता येत नाही.”

सिगिरिया म्हणजे आमच्याकडचं सगळ्यात जड, दुःखाचं गाणं. त्यांच्या आईची तर अशी, की बायका कामं टाकून दारात येऊन उभ्या राहायच्या. अन्सेल्मोनं हात पुसले आणि उजव्या अंगठ्याकडे बघत राहिला. “नख यायला चार महिने लागतील,” तो म्हणाला.

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात एक नख राहायला आलं. खर्जाच्या तारा अंगठ्याच्या नखानं वाजतात, आणि सिगिरिया सगळी त्या अंगठ्यावर. म्हणून पाण्यात हात घालायचा नाही. डबा उघडायचा नाही. बूट मी बांधायचे, शर्टाची बटणं मी लावायची. दर रविवारी मी चष्मा लावून त्या नखावर रेशमाचा तुकडा आणि गोंद असे थर चढवायचे, आणि हा लहान मुलासारखा हात पुढे करून बसायचा. दुपारी जेवणानंतर, लोक झोपतात तेव्हा, न्हाणीघराचं दार लावून वाजवायचा. बोटं वळायची नाहीत. पंधरा मिनिटांत मनगट भरून यायचं. बाहेर आला की खुर्चीत बसून नुसता भिंतीकडे बघायचा. “दमलो गं,” म्हणायचा. अडतीस वर्षं फरश्या वाहून हा शब्द त्यानं तोंडातून काढला नव्हता. मी म्हणायचे, “सोड मग.” तर दुसऱ्या दिवशी परत आत.

त्याला काय हवं होतं ते मला कळत होतं. भावाची माफी नको होती. एक रविवार हवा होता. वस्तीतल्या लोकांनी, ज्यांच्या न्हाणीघरात हा माणूस गुडघ्यावर रांगला, त्यांनी एकदा म्हणावं की अन्सेल्मो वाजवतो.

जानेवारीत, नाताळानंतरच्या तीन राजांच्या सणाला सगळे जमलो होतो. क्रिस्तोबाल पोरांबरोबर गाणी म्हणत होता आणि माझे कान टवकारले. आवाज कुठल्या कुठे खाली गेला होता. घरी येताना मी अन्सेल्मोला म्हटलं, “त्याचा गळा उतरलाय.”

“पोरांसाठी खालून गात होता.”

“पोरांसाठी नाही, गळ्यासाठी. पाचव्यावर मरेल तो. विचार त्याला.”

“विचारू? रेमे, आमच्या घरात विचारत नाहीत.”

“तुमच्या घरात सांगत पण नाहीत,” मी म्हटलं. “बसा मग दोघं मुके.”

फेब्रुवारीतला तिसरा रविवार, दुपारी एक वाजता क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. मागे मोठ्या पातेल्यात हरभऱ्याचा रस्सा शिजत होता, लोकांच्या हातात शेरी वाइनचे पेले. एलादियो, क्लबचा अध्यक्ष, पूर्वीचा हार्डवेअरवाला, वीस मिनिटं बोलला आणि त्यात अन्सेल्मोचं नाव एकदा घेतलं, तेही आडनाव चुकवून. मी पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर होते. अन्सेल्मोनं खिशातून चिमटा काढला आणि भावाकडे न बघता पाचव्या पडद्यावर लावला. क्रिस्तोबालनं ते बघितलं, पण खाली लाव म्हणाला नाही.

आणि अन्सेल्मोनं वाजवलं. आई गं! पहिला अंगठा खर्जाच्या तारेवर पडला आणि सगळा गलका बंद झाला. मी रडले, लपवत नाही. मागून एक म्हातारा “ओले” म्हणाला, म्हणजे आमच्याकडची वाहवा, हळूच, आतून आल्यासारखी. वाजवताना अन्सेल्मोची मान जरा डावीकडे कलायची, ती तशीच कललेली होती. सत्तावीस वर्षं ही मान कुठे होती, असं माझ्या मनात आलं. असा तो पाच मिनिटं वाजवत होता.

मग क्रिस्तोबालनं तोंड उघडलं. सिगिरियाची सुरुवात शब्दांनी नाही, ‘आय’ अशा नुसत्या आर्त हाकेनं होते, लांब, वर चढत जाणाऱ्या. आवाज वर गेला आणि अर्ध्यातच फाटला. तो खोकला, पाणी प्यायला. अन्सेल्मो वाजवत राहिला, त्याला परत जागा करून दिली. क्रिस्तोबालनं पुन्हा उचललं. मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ झाल्या, चेहरा लाल, आणि पुन्हा तेच. आमच्याकडे लोक गाणाऱ्याला हसत नाहीत, त्याहून वाईट करतात, खाली बघतात. सगळा क्लब खाली बघायला लागला.

चिमटा तीन पडदे मागे घेतला की झालं असतं. पण ते सगळ्यांदेखत करायचं म्हणजे, मंडळी, याचा आवाज संपलाय, असं त्याच्याच सत्काराच्या दिवशी जाहीर करायचं. क्रिस्तोबाल मागणार नव्हता. जीव गेला असता तरी मागणार नव्हता.

सगळे जमिनीकडे बघत होते, मी एकटी अन्सेल्मोकडे. म्हणून मलाच दिसलं. त्यानं भावाच्या मानेकडे एकदा बघितलं. मग त्याचा उजवा हात खुर्चीच्या बैठकीखाली गेला, तिथं लोखंडी पट्टी होती. खांदा एकदाच हलला, तोंड क्षणभर वाकडं झालं. हात वर आला तेव्हा अंगठ्यावर रक्त होतं.

“माफ करा, मंडळी,” तो मोठ्यानं म्हणाला. एवढ्या मोठ्यानं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. “नख गेलं माझं. तार पण उतरलीय, मघापासून भावाला बेसूर गायला लावतोय. फरशीवाल्याचे हात, दुसरं काय!”

लोक हसले. सगळ्या क्लबानं एकदम श्वास सोडला. कुणी रुमाल दिला, कुणी पेला पुढे केला, एलादियोनं उगाच माइक हलवला. अन्सेल्मोनं चिमटा सोडवला, तारा पिळल्या, इकडचं तिकडचं बोलला, आणि त्या गडबडीत चिमटा दुसऱ्या पडद्यावर कधी बसला ते कुणाला कळलंही नाही.

मग क्रिस्तोबाल गायला. खरं सांगते, मला त्या माणसाचा राग आहे आणि राहील, पण तो गायला. त्यांची आई आली समोर. लोक उभे राहिले. खाली अन्सेल्मो नुसत्या अंगठ्याच्या मांसानं वाजवत होता, आवाज बद्द येत होता, दोनदा चुकला. कुणाचं लक्षही नव्हतं.

रस्सा वाढताना एलादियो माझ्याशेजारी आला. “क्रिस्तोबाल अजून क्रिस्तोबाल आहे, काय! अन्सेल्मोचं मात्र वय झालं. एखादा तरणा गिटारवाला घ्यायला हवा होता.” माझ्या हातातली वाटी त्याच्या डोक्यावर उपडी करावी असं वाटलं. तोंड उघडलंच होतं मी, तेवढ्यात अन्सेल्मोनं माझं कोपर दाबलं.

“हो,” तो म्हणाला, “वय झालं.”

घरी चालत येताना मी बोलले, सगळं बोलले. “चार महिने! बटणं लावली तुझी मी! बूट बांधले! आणि आता लोक म्हणणार अन्सेल्मो संपला!”

“पाचव्यावर तो मेला असता, रेमे.”

“आणि तू?”

तो थांबला. त्याला जिने आणि चढ सोसत नाहीत, म्हणून थांबला असेल. “मला पाच मिनिटं मिळाली,” तो म्हणाला. “ती चांगली झाली ना?”

“चांगली झाली,” मी म्हटलं, आणि चढासाठी त्याचा हात धरला.

सोमवारी सकाळी तो उठला आणि भांडी घासायला लागला. गिटारची पेटी परत कपाटावर गेली होती. मी कॉफी घेऊन बसले. मंगळवार गेला, बुधवार गेला, क्रिस्तोबालचा पत्ता नाही. फोन नाही. मी मनात म्हटलं, हा माणूस तोच आहे, तसाच मरणार.

गुरुवारी जेवणानंतर तो आला. खुर्ची ओढून बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. अन्सेल्मोची त्याच्याकडे पाठ होती, हातात घासणी, नळ सुरू.

“नख?” क्रिस्तोबाल म्हणाला.

“येईल.”

“चार महिने म्हणाला होतास.”

“हो.”

“म्हणजे जून.” त्यानं टोपी फिरवली. “जूनमध्ये उत्रेरा गावच्या क्लबात बोलावलंय मला. मी त्यांना म्हटलं, आधी भावाला विचारतो.”

अन्सेल्मो तसाच पाठमोरा. पातेलं केव्हाच स्वच्छ झालं होतं, तरी तो घासत होता.

“आणि अन्सेल्मो,” क्रिस्तोबाल म्हणाला. आवाज अगदी खाली होता, त्याचा आता असतो तेवढाच. “दुसऱ्यावर लाव. जूनपर्यंत कदाचित पहिल्यावर यावं लागेल. लागलं तर सांगेन मी.”

अन्सेल्मोचे हात थांबले. मी उठले, कंबर धरून उठले, आणि त्याच्या हातातली घासणी काढून घेतली.

“सरक बाजूला,” मी म्हटलं. “नख भिजेल.”