बाबांची उसण

१. आज सकाळी बाबा म्हणाले, "उसण भरलीय. लॅपटॉप ठेव इंजिनीअर बाई, पाठीला पाय लाव."
२. मी पायाळू, म्हणजे जन्मताना माझे पाय आधी आले. अशा माणसाचा पाय लागला की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. मी हसत तीनदा पाय लावला.
३. माझा तळवा ओला झाला. त्यांचा बनियन घामाने भिजला होता.
४. ऑटोने माझ्या घराजवळच्या, येलहंक्यातल्या दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला. दुखणं हृदयाचं निघालं.

उसण म्हणजे आखडलेल्या स्नायूत हलताना येणारी कळ. बाबांना न हलताही कळ येत होती आणि ती डाव्या हातात उतरत होती. मी विचारलंच नाही. हा शब्द ऐकला की आमच्या घरात कुणी पुढचं विचारत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, असं आधी झालंय का?

"होतंय की अधूनमधून," बाबा म्हणाले. "गावी निपाणीत कोण ना कोण पाय लावतंय."

ते आयसीयूत आहेत. मला भीती वाटते आहे.

शुक्रवारी अँजिओग्राफी आहे. निपाणीकरांनो, दोष कुणालाच देत नाही. आज पाय माझाच होता. तुम्ही कधी लावला असेल, तर केव्हा, आणि तेव्हा त्यांना घाम आला होता का, एवढं डॉक्टरांना सांगण्यासाठी गुरुवारपर्यंत कळवा.