पाचशे बारा पानं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी चपलेचा अंगठा तुटला तरी सांगतो. अकरा वर्षं झाली. आज तुम्हाला सांगतोय, तेही धड जमेल की नाही कोण जाणे.

माझं काम जमिनी मोजायचं. बांध वीतभर चुकल्याची शंका आली म्हणून भंडाऱ्याहून एसटीने पुन्हा नाकाडोंगरी गाठून मोजणी करून आलेला माणूस मी. लोक काटेकोर म्हणतात. ऐकून घेतो — काय करणार?

तर ते इंग्रजी पुस्तकांचं खूळ. कचेरीत एक साहेब आले होते. त्यांची मुलं व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कादंबऱ्या वाचायची. तुम्ही वाचल्यात का, त्यांनी सहज विचारलं. मी म्हणालो, कॉलेजात सगळ्या वाचल्या. का म्हणालो? कुणी गळा धरला होता का? उघडली होती एकच, आणि तीही एकेचाळिसाव्या पानावर मिटली होती.

बोलून बसलो, मग घरात ते खरं करायला निघालो. घरात पोरी तीन — माझी सुरभी पंधराची, भावाची पायल दहाची, माझी धाकटी चिनू सातची. गोष्ट तिघींना तीच, पुस्तक वयाप्रमाणे. चिनूला चोवीस पानांचं चित्रांचं. पायलला ऐंशी पानांचा मराठी संक्षेप. सुरभीला मूळ इंग्रजी, पाचशे बारा पानं, रोज साडेचार. तक्ता भिंतीवर, दर रविवारी प्रश्न.

वैताग होता नुसता! चिनू चित्रातल्या बायकांना मिशा काढायची. पायल म्हणायची, "मोठेबाबा, त्या गावात इतका पाऊस पडून राहिला, तं थे लोकं धान काहून नाही लावत?" सुरभी पेन्सिल घेऊन वाचत बसायची. चार महिने.

गोष्ट एवढीच — गिरणीत राबणारी बहीण, जहाजावर गेलेला भाऊ, आणि त्याची वाट पाहणं. शेवटच्या रविवारी मी विचारलं, परत आल्यावर भाऊ पहिल्यांदा काय म्हणतो? प्रश्न काढला होता पायलच्या संक्षेपावरून. दुसरा कशावरून काढणार होतो?

सुरभी म्हणाली, "बाबा, तो वापस येतच नाही."

"येते नं!" चिनू ओरडली. "चित्र आहे त्याचं! टोपी हलवून राहिला!"

पायलने टोमणा मारला, "ताईनं शेवट वाचलाच नाही वाटते."

दोन विरुद्ध एक. मी चक्क मतं मोजली. तुम्हीच सांगा, शेजाऱ्यांची मतं घेऊन मी कधी शेताची हद्द ठरवली असती का? पुस्तक सुरभीच्या मांडीवर होतं. हात लांब करून शेवटचं पान उघडायचं, बस्स. पण उघडलं असतं तर पोरींसमोर वाचावं लागलं असतं — आणि कॉलेजात सगळ्या वाचलेला मी दुसऱ्याच ओळीत अडखळलो असतो.

मी म्हणालो, खोटं बोलतेस. वाचलं नाहीस, कबूल कर. तिने पुस्तक पुढे केलं. मी ते बाजूला सारलं. बायको दारातून म्हणाली, "अजी, काहून पोरीच्या मागं लागून राहिले?" तिलाही गप्प केलं. अर्धा तास हे चाललं — नाही, पंचवीस मिनिटं, घड्याळ समोरच होतं. शेवटी सुरभी म्हणाली, "हो. नाही वाचलं."

मंगळवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. शब्दकोश घेऊन मी शेवटची दोन पानं वाचली. भाऊ येत नाही. जहाजच येत नाही. समासात बारीक पेन्सिलीने अडलेल्या शब्दांचे अर्थ होते, मराठीत. मी पहिल्या पानापासून तपासत गेलो — सवयच ती. एकही समास कोरा नव्हता. अगदी शेवटच्या ओळीशेजारी तिने लिहिलं होतं, "नाही आला."

पुस्तक माळ्यावर टाकलं. तक्ता काढला. धाकट्या दोघी खूश झाल्या. तिला सांगायला काय लागलं असतं? चार शब्द. सुरभीच्या हातात त्यानंतर कादंबरी म्हणून मी पाहिली नाही.

या दिवाळीला तिघी घरी होत्या. पायल आता शिकवण्या घेते. करंज्या तळता तळता तिने विचारलं, "सुरभीताई, थे मूळ पुस्तक आठवीच्या पोरायले झेपते का वं?"

"मले नको विचारू," सुरभी म्हणाली. "मी थे वाचलंच नाही."

आवाजात राग नव्हता. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही, कढईतली करंजी उलटली.

मी तीन हातांवर बसलो होतो. कपात चहा होता. तो मी संपवला.