वनमालाबाईंच्या नातवाचं डोकं

बूढ़ापाऱ्यात आमच्या गल्लीत एखादं छान गोल डोकं दिसलं, की ते वनमालाबाईंच्या हाताखालून गेलंय असं खुशाल समजावं. पस्तीस वर्षं त्या घरोघरी बाळांची मालिश आणि अंघोळ करतायत. माझ्या दोन्ही मुलांची डोकी त्यांनीच तेल चोळून चोळून घडवली. आत काय भरलं याची जबाबदारी त्यांनी घेतली नाही, आणि मुलांचे निकाल पाहता ते शहाणपणाचंच झालं.

बाई तोंडानं फटकळ. बाळ रडलं म्हणून आई मध्ये पडली, की तिलाच दटावायच्या, "पोट्टं तुयं असन, पण आता माह्या हातात आहे. तू बाहेर बस." आणि आया मुकाट्यानं बाहेर बसायच्या. अशा बाईचा स्वतःचा नातू पाच महिन्यांचा झाला, आणि त्याचं डोकं मागून उजव्या बाजूला साफ चपटं झालं. उजवा कान डाव्यापेक्षा पुढे सरकलेला दिसायचा.

खरं तर सून निधी हिला ते तिसऱ्या महिन्यातच फोटोत दिसलं होतं. निधी इथल्याच हिंदी घरातली, मराठी सगळं कळतं पण बोलते हिंदीत. पंडरीत कापडाच्या ठोक दुकानात बिलं बनवते. ती पोराला, चिरागला, डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी विचारलं, बाळ झोपतं कुठे? तर ज्या खोलीत तो झोपायचा तिथे पलंग एकाच तऱ्हेनं मावतो. चिरागचं डोकं दक्षिणेकडे, आणि उजव्या हाताला गल्लीची खिडकी. दिवसभर तिथून स्कूटर जातात. पोरगा दिवसभर मान उजवीकडे टाकून त्या बघत पडायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध काही नको. आता डोकं उलट्या बाजूला करून झोपवा, म्हणजे खिडकी बघायला तो डावीकडेही वळेल. जागा असताना पोटावर खेळवा.

निधीनं लगेच डोक्याची बाजू बदलली. आता आली का पंचाईत. डोकं उत्तरेला गेलं म्हणजे पाय दक्षिणेला आले, आणि दक्षिणेकडे पाय आपल्याकडे फक्त मेलेल्या माणसाचे करतात. वनमालाबाईंना ते मुळीच चालण्यासारखं नव्हतं. पण सून शिकलेली आणि डॉक्टरचा हुकूम, तेव्हा वाद कोण घालणार? त्यांनी सोपा मार्ग काढला. निधीची स्कूटी गल्लीच्या टोकाला वळली, की त्या नातवाला उचलून पुन्हा फिरवायच्या. संध्याकाळी ती यायच्या आधी परत तिनं ठेवलं होतं तसं करून ठेवायच्या. असे दोन महिने. मुलगा शेखर बीरगांवच्या कारखान्यात शिफ्टमध्ये, त्याला पोराचं डोकं कुठल्या दिशेला ते काय कळणार?

पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता नुसतं वळवून भागणार नाही. हेल्मेट लागेल, दिवसाचे तेवीस तास. एक तास अंघोळीपुरता काढायचा. जेवढं लवकर सुरू कराल तेवढं बरं, कारण वर्षाकडे गेल्यावर हाड फारसं ऐकत नाही. डोक्याचं माप गेलं आणि निळं हेल्मेट बनून आलं. गल्लीतल्या टवाळांना तर खाद्यच मिळालं. "काय वनमालाबाई, पोलीस आता पाळण्यातही चालान फाडून राहिले का?" मीही हसलो होतो. आता लाज वाटते.

बायका मात्र हसल्या नाहीत, त्यांनी त्याहून वाईट केलं. आई दुकानात बसते, पोर पडून असतं, म्हणून डोकं बिघडलं, असं त्या नळावर बोलायच्या. निधीच्या कानावर ते जायचं. वनमालाबाईंच्याही जायचं, आणि एरवी दहा जणींना गप्प करणारी ही बाई हंडा उचलून घरची वाट धरायची.

एप्रिल सुरू होता. चिरागला हेल्मेटच्या आत घामोळं यायचं, कूलरसमोर धरून बसावं लागायचं. महिन्यानं तपासणी होती. शेखरची शिफ्ट, म्हणून मी गाडी काढली; वनमालाबाईही सोबत आल्या. माप थोडंच सुधारलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तीसरे महीने में बताया था, फिर इतना बढ़ा कैसे?" निधी खाली मान घालून म्हणाली, "मेरी ही गलती है मैडम. मैं काम पे चली जाती थी."

परत येताना ती मागच्या सीटवर आवाज न करता रडत होती. पंडरीच्या अलीकडे वनमालाबाई म्हणाल्या, "भाऊजी, गाडी बाजूले घ्या." मला वाटलं पोरगं ओकलं. मी थांबवली.

"निधी, तुयी काहीच चूक नाही," त्या म्हणाल्या. "तू गेली की मी त्याले फिरवत होती. रोज. दक्षिणेकडे पाय मले पाहवेच ना. त्याचं डोकं मीनं बिघडवलं."

निधीनं डोळे पुसले. मग मला म्हणाली, "अंकल, घर चलिए."

आठ दिवस ती सासूशी बोलली नाही. सकाळी हेल्मेट काढायची, पोराला सासूच्या मांडीवर ठेवायची आणि आत निघून जायची. वनमालाबाई तेल कोमट करायच्या, अंघोळ घालायच्या, हेल्मेट पुसून द्यायच्या. मला म्हणाल्या, "तिले कामावर जायची घाई, म्हणून देते. नाही तर हातही लावू देणार नाही. अन् का लावू द्यावं?" नळावर जाऊन मात्र त्यांनी सगळ्या बायकांना स्वतःच सांगून टाकलं की नातवाचं डोकं मी चपटं केलं, सुनेला नावं ठेवायची नाहीत. त्यानंतर दोन घरांनी मालिशला बोलावणं बंद केलं. पुढे सासू-सुनेचं बोलणं सुरू झालं, पण कामापुरतं.

हेल्मेटच्या दुसऱ्या महिन्यात माप बरंच सुधारलं. तिसऱ्यात कान सरळ रेषेत यायला लागले. चौथ्या महिन्याच्या तपासणीला पुन्हा मीच दोघींना घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी दोनदा माप घेतलं आणि म्हणाल्या, "बस. अब इसकी ज़रूरत नहीं."

इतकं हलकं मला माझ्या मुलीच्या लग्नानंतरही वाटलं नव्हतं. वनमालाबाईंनी नातवाच्या डोक्यावरून बोटं फिरवली, मागून, कानांमागून, पुन्हा मागून. मग पोराला निधीकडे दिलं, बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या.

निधी शेजारी बसली. "अब क्यों रो रहे हो, मम्मी? ठीक हो गया ना."

"मले वाटलं होतं," त्या म्हणाल्या, "तू आता त्याले माह्याजवळ कधी देशीन नाही."

निधी म्हणाली, "दुकान में मैंने हेलमेट के पहले ही हफ्ते बोल दिया था, एक घंटा देर से आऊँगी. नहला तो मैं भी सकती थी. चार महीने, रोज़ वो एक घंटा, बिना हेलमेट का सिर मैंने किसके हाथ में दिया?"

वनमालाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. निधीनं चिरागला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं, आणि मी गाडी आणायला गेलो.